इंटरनेट जोडणी देताना पत्ता कोणता, तेही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ऑनलाइन खेळांविषयी पालकांना सावध करणारा लेख आला होता. मुलं अनोळखी माणसांबरोबर खेळतात, त्यांच्याशी तासन्‌तास बोलतात, तिथली भाषा घरात आणतात, ही त्यातली काळजी मला पूर्णपणे पटली. उपाय मात्र लेखात एवढाच होता, की खेळाचे तास कमी करा आणि जमलं तर खेळ बंदच करा. एक वाट त्यात राहून गेली. मुलांनी ओळखीच्या मित्रांपुरता स्वतःचा सर्व्हर, म्हणजे बाकीचे ज्याला जोडले जाऊन खेळतात तो प्रोग्रॅम, आपल्याच संगणकावर चालवावा, म्हणजे कोण आत येणार आणि कोण नाही हे त्यांच्याच हातात राहतं.

मी एका संस्थेत संगणकांच्या नेटवर्कची देखभाल करते. माझी भाची आणि तिच्या शाळेतले मित्र आता शिक्षणासाठी वेगवेगळ्या गावांत आहेत. शनिवारी रात्री सगळे मिळून माइनक्राफ्ट नाहीतर वॅलहाइम खेळतात. त्या दोन तासांत खेळाइतक्याच गप्पाही होतात, आणि या मुलांची मैत्री त्यावर टिकून आहे हे मी जवळून पाहते आहे. भाचीकडून माझा नंबर तिच्या मित्रांकडे गेला, तिथून आणखी पुढे. आता "मावशी, सर्व्हर चालू आहे पण कुणालाच जॉइन होता येत नाहीये" असा फोन मी कधी न पाहिलेल्या मुलांकडूनही येतो. त्यांना मदत करायला मला मनापासून आवडतं. काळजी वाटते ती फोन न करणाऱ्यांची. एक संध्याकाळ खटपट करून ही मुलं कंटाळतात आणि सरळ कुठल्या तरी सार्वजनिक सर्व्हरवर, म्हणजे आपल्या लेखातल्या त्याच अनोळखी गर्दीत जाऊन खेळतात. या खटपटीचं एक मोठं कारण इंटरनेट पुरवठादार ग्राहकाला सांगतच नाहीत, म्हणून हा विषय फक्त तंत्रज्ञांचा नाही असं मला वाटतं, आणि म्हणूनच जरा सविस्तर लिहिते आहे.

फोन आला की मी पहिला प्रश्न विचारते, पडद्यावर नेमके कोणते शब्द आलेत? "एरर आला" एवढ्यावर काहीच कळत नाही. "कनेक्शन टाइम्ड आउट" आणि "कनेक्शन रिफ्यूज्ड" हे दोन संदेश मुलांना सारखेच वाटतात, पण त्यांचा अर्थ अगदी वेगळा आहे. टाइम्ड आउट म्हणजे हाक मारली आणि कुणीच ओ दिली नाही. माहितीचं पाकीट वाटेत कुठेतरी गडप झालं. पत्ता चुकला असेल, घरात इंटरनेट वाटणाऱ्या यंत्राने, म्हणजे राउटरने, अडवलं असेल, येणारी-जाणारी माहिती अडवणाऱ्या पहारेकरी प्रोग्रॅमने, म्हणजे फायरवॉलने, गिळलं असेल. रिफ्यूज्ड म्हणजे बहुधा पाकीट यजमानाच्या, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्याच्या, संगणकापर्यंत पोचलं, पण त्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या त्या क्रमांकाच्या दारावर, कोणताही प्रोग्रॅम ऐकत बसलेला नव्हता. मग सर्व्हर सुरू झालाच नसेल, किंवा वेगळ्या पोर्टवर सुरू झाला असेल. रिफ्यूज्ड आलं तर मला खरं तर आनंद होतो, कारण निम्मी वाट मोकळी असल्याचं ते लक्षण आहे. "अननोन होस्ट" आलं तर पत्त्याचं नाव टाइप करताना काहीतरी चुकलंय. "आउटडेटेड क्लायंट" किंवा "आउटडेटेड सर्व्हर" आलं तर जोडणी उत्तम आहे, फक्त दोघांच्या खेळाच्या आवृत्त्या जुळत नाहीत. अशा वेळी राउटरला हात लावायचं काहीच कारण नसतं, तरी सगळ्यात आधी राउटरच बंद-चालू केला जातो.

संदेशावरून बिघाड ओळखायची ही सोय टीसीपी पद्धतीने, म्हणजे पाकिटाची पोच घेत, बोलणाऱ्या खेळांत आहे. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती तशी आहे, टेरारियाही तसाच. वॅलहाइम, फॅक्टोरिओ हे यूडीपीवर, म्हणजे पोच न मागता पाकिटं पाठवण्याच्या पद्धतीवर, चालतात आणि तिथे बिघाड कोणताही असो, बहुतेक वेळा नुसतं थांबून राहणं तेवढं दिसतं. त्या खेळांत पायरीपायरीनेच शोधावं लागतं.

शोधायचं ते आतून बाहेर. माझा सगळा अनुभव या एका क्रमावर उभा आहे. यजमानाने आधी स्वतःच्याच संगणकावरून, १२७.०.०.१ हा "हाच संगणक" अशा अर्थाचा पत्ता देऊन, आपल्या सर्व्हरमध्ये शिरून पाहावं. तिथेच अडलं तर इंटरनेटचा काही संबंध नाही, सर्व्हरच नीट उठलेला नाही. माइनक्राफ्टमध्ये एक गोष्ट फार वेळा दिसते. सर्व्हरच्या प्रॉपर्टीज, म्हणजे सेटिंग्जच्या, फाइलमध्ये "सर्व्हर-आयपी" अशी एक ओळ असते. नाव वाचून मुलं तिथे आपला इंटरनेटवरचा पत्ता भरतात. तो पत्ता असतो राउटरचा, संगणकाचा नव्हे, त्यामुळे सर्व्हरला तो धरता येत नाही आणि "फेल्ड टू बाइंड टू पोर्ट" म्हणून तो बंद पडतो. ती ओळ रिकामी ठेवायची असते.

पुढची पायरी घरातल्याच दुसऱ्या संगणकाची. इथे यजमानाचा घरातला पत्ता वापरायचा, १९२.१६८ ने सुरू होणारा किंवा तसाच एखादा. विंडोजमध्ये "आयपीकॉन्फिग" ही आज्ञा दिली की तो दिसतो. स्वतःच्या संगणकावरून जमतं आणि शेजारच्या खोलीतून जमत नाही, तेव्हा मी सगळ्यात आधी फायरवॉलकडे बघते. सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना विंडोज परवानगी विचारणारी एक चौकट दाखवतं. खेळायच्या घाईत कुणीतरी ती "कॅन्सल" म्हणून घालवतं आणि त्याच क्षणी त्या प्रोग्रॅमला अडवणारा नियम तयार होतो. विंडोज पुन्हा विचारत नाही. मग फायरवॉलच्या यादीत जाऊन तो नियम शोधून काढावा लागतो. माइनक्राफ्टच्या बाबतीत तो खेळाच्या नावाने नसतो, तो ज्यावर चालतो त्या जावाच्या नावाने असतो, म्हणून मुलांना सापडत नाही. दुसरं असं, की नव्या नेटवर्कला विंडोज सहसा "पब्लिक" धरतं आणि परवानगी दिलेली असते "प्रायव्हेट" नेटवर्कपुरती. घरच्या वायफायला प्रायव्हेट करायचं, की काम होतं. संपूर्ण फायरवॉल बंद करा असा सल्ला मुलं एकमेकांना देतात, तो कृपया कुणी मानू नये. तपासायला दोन मिनिटं बंद केलेली फायरवॉल मग महिनोन्‌महिने तशीच राहते. आणि दुसरा संगणक पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर असेल तर तिथली उपकरणं एकमेकांना मुद्दामच दिसू दिलेली नसतात, हेही तपासून घ्यावं.

घरात सगळं जमलं तर उरतो राउटर. एका इमारतीत चाळीस बिऱ्हाडं असावीत आणि टपालाचा पत्ता मात्र फक्त इमारतीचा असावा, तशी घरातल्या उपकरणांची स्थिती असते. आतून बाहेर गेलेल्या पत्राचं उत्तर आलं तर ते कुणाचं हे राउटरला ठाऊक असतं, कारण जाताना त्याने नोंद केलेली असते. पण बाहेरून आपणहून आलेलं पत्र, म्हणजे मित्राने जोडणीसाठी मारलेली पहिली हाक, कुणाच्या दारात टाकायची हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, आणि तो ती टाकून देतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे ही सूचना आधीच देऊन ठेवणं. अमुक पोर्टवर जे येईल ते अमुक संगणकाकडे पाठव.

ही सूचना देताना जे चुकतं ते बारीकसारीक असतं, पण त्यातल्या एकानेही सगळं अडतं. माइनक्राफ्ट जावाचा नेहमीचा पोर्ट २५५६५, टीसीपी. त्याच्याच बेडरॉक आवृत्तीचा १९१३२, आणि तो यूडीपी. टेरारियाचा ७७७७. फॅक्टोरिओचा ३४१९७, यूडीपी. वॅलहाइमचा २४५६, यूडीपी, पण तो त्याच्या पुढचा २४५७ ही वापरतो आणि तो उघडायचा बहुतेकांकडून राहून जातो. टीसीपीच्या जागी यूडीपी निवडलं की राउटर काही तक्रार करत नाही, फक्त काम होत नाही. माइनक्राफ्टमध्ये वेगळा सर्व्हर न चालवता चालू खेळच "ओपन टू लॅन" (लॅन म्हणजे घरातलं नेटवर्क) करून उघडला, तर पोर्ट दरवेळी नवा पडतो. मग २५५६५ कितीही नीट उघडलेला असला तरी उपयोग नाही. १.१९.३ या आवृत्तीपासून तिथे आपल्याला हवा तो पोर्ट लिहिता येतो, तो लिहावा.

एक तक्रार मला परत परत ऐकू येते: गेल्या आठवड्यात चालत होतं, आज चालत नाही, कुणी काही बदललेलं नाही. खरोखरच कुणी बदललेलं नसतं. राउटर बंद-चालू झाल्यावर त्याने संगणकाला घरातला नवा पत्ता दिलेला असतो, आणि सूचना अजून जुन्या पत्त्यासाठीच असते. राउटरच्या डीएचसीपी, म्हणजे घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या, विभागात त्या संगणकासाठी पत्ता राखून ठेवला की हा त्रास कायमचा जातो. तसाच बाहेरचा पत्ताही बदलू शकतो. मित्रांनी गेल्या आठवड्यातला आकडा जपून ठेवलेला असतो आणि तो आता भलत्याच कुणाच्या घराचा झालेला असतो. त्यावर डायनॅमिक डीएनएसची सोय आहे. मित्रांनी आकड्याऐवजी एक नाव वापरायचं आणि पत्ता बदलला की त्या नावामागचा आकडा आपोआप बदलतो. बऱ्याच राउटरमध्ये ही सोय आतच असते.

आणि तपासणी नेहमी बाहेरून करावी. यजमान आपल्याच घरात बसून आपलाच बाहेरचा पत्ता टाकून पाहतो, जोडलं जात नाही, आणि सगळं चुकलं असं समजून बरोबर केलेल्या सेटिंग्ज पुसून टाकतो. हे पाहून मला फार हळहळ वाटते. घरातून बाहेर जाऊन पुन्हा आपल्याच दारी येणारी वाट कित्येक राउटरना हाताळता येत नाही. त्याच वेळी बाहेरच्या मित्रांना मात्र खुशाल जोडलं जात असतं. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर दुसरा लॅपटॉप जोडावा आणि त्यावरून पाहावं, किंवा सरळ मित्रालाच सांगावं. पोर्ट उघडा आहे का ते दाखवणाऱ्या वेबसाइट बहुतेक टीसीपीच तपासतात, आणि तेही सर्व्हर चालू असेल तरच. वॅलहाइमच्या पोर्टला त्यांनी "बंद" म्हटलं म्हणून निराश होऊ नये. एक मित्र आत येतो आणि दुसऱ्याला येता येत नाही असं झालं, तर दोष यजमानाकडे शोधू नये. दुसरा मित्र वसतिगृहाच्या किंवा कार्यालयाच्या नेटवर्कवर असेल आणि तिथे खेळांचे पोर्ट बाहेर जाऊ देत नसतील.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं तो. वरचं सगळं बिनचूक करूनही कित्येक मुलांना जमत नाही, आणि कधीच जमणार नसतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

इंटरनेटच्या पत्त्यांची जुनी चौथी आवृत्ती ३२ बिटांची आहे. त्यात सुमारे ४२९ कोटी पत्ते मावतात. जगाच्या पातळीवरचा त्यांचा मोकळा साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. तेव्हापासून अनेक सेवापुरवठादार एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत मिळून वापरतात. त्यासाठी त्यांच्याकडे स्वतःचा एक मोठा राउटर असतो, या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात. २०१२ मध्ये तिच्यासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पत्त्यांचा पट्टा मुद्दाम राखून ठेवला गेला. या व्यवस्थेत असलेल्या ग्राहकाने आपल्या राउटरवर कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरून आलेली हाक त्याच्या घरापर्यंत पोचतच नाही. ती आधीच, पुरवठादाराच्या राउटरपाशी संपते, आणि तिथे सूचना देण्याचा अधिकार ग्राहकाला नसतो. खेळ आपणहून राउटरला पोर्ट उघडायला सांगतो ती यूपीएनपीची सोयही घरच्या राउटरपुरतीच.

हे ओळखायला दोन आकडे पुरतात. राउटरच्या पानावर "वॅन" किंवा "इंटरनेट" या नावाखाली जो पत्ता दिसतो तो एक. "माझा आयपी पत्ता काय" असं विचारल्यावर एखादी वेबसाइट दाखवते तो दुसरा. दोन्ही सारखे असतील तर पत्ता आपला आहे, पोर्ट फॉरवर्डिंग चालेल. वेगळे असतील आणि राउटरवरचा आकडा १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर आपण सीजीनॅटमागे आहोत आणि पोर्ट उघडत बसण्यात रात्र घालवू नये. राउटरवर १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा दिसला तर आधी घरातच बघावं. पुरवठादाराचं एक यंत्र आणि आपण घेतलेला दुसरा राउटर असे दोन राउटर एकामागे एक लागलेले असतात. दोघांतल्या एकाला स्वतः पत्ते न वाटणारं नुसतं जोडयंत्र, म्हणजे ब्रिज किंवा अ‍ॅक्सेस पॉइंट केलं की सुटतं. १० ने सुरू होणारा आकडा दोन्हीकडचा असू शकतो, तिथे पुरवठादाराला विचारावंच लागतं.

आणि विचारल्यावर काय होतं? भाचीच्या एका मित्राने आपल्या पुरवठादाराच्या मदत-क्रमांकावर फोन केला. त्याला राउटर बंद-चालू करायला सांगितलं. मग कारखान्यातून आल्यासारखा मूळ स्थितीत न्यायला सांगितलं. मग जास्त वेगाची योजना घ्यायला सुचवलं. त्याने सरळ प्रश्न विचारला होता, माझा पत्ता सार्वजनिक आहे की सामायिक? त्याचं उत्तर कुणी दिलं नाही. वेगवान योजनेने हा प्रश्न सुटत नाही हे मदत-क्रमांकावर बसणाऱ्याला माहीत नसेल तर त्याला शिकवायला हवं. माहीत असूनही सुचवलं असेल तर ती ग्राहकाची फसवणूक आहे. मी दोष देते तो फोनवरच्या त्या माणसाला नव्हे. त्याच्यासमोरच्या कागदावर हा प्रश्नच लिहिलेला नसतो.

पत्ते अपुरे आहेत हे मला मान्य आहे. सामायिक पत्ता देणं हा गुन्हा नाही. बहुसंख्य ग्राहकांना त्याचा फरकही पडत नाही. पण आपण काय विकतो आहोत हे सांगायला नको का? योजनेच्या पत्रकावर वेग मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. तिथेच दोन ओळी असाव्यात. पत्ता सार्वजनिक की सामायिक, आणि इंटरनेट पत्त्यांच्या नव्या, सहाव्या आवृत्तीचा पत्ता मिळतो की नाही. सार्वजनिक पत्ता वेगळे पैसे घेऊन मिळत असेल तर तेही तिथेच लिहावं. घरातल्या कॅमेऱ्याशी बाहेरून थेट जोडणी हवी असणाऱ्यांना, स्वतःची फाइल-साठवण चालवणाऱ्यांना, घरून काम करताना घरच्या संगणकाशी जोडणी लागणाऱ्यांनाही याचा तितकाच उपयोग आहे. खेळणारी मुलं या अडचणीवर सर्वांत आधी आदळतात, एवढंच.

सहाव्या आवृत्तीविषयी थोडं. तिचे पत्ते १२८ बिटांचे आहेत, ते वाटून संपण्याची चिंता नाही, आणि तिच्यात घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा पत्ता मिळू शकतो. ६ जून २०१२ रोजी मोठमोठ्या वेबसाइटनी आणि पुरवठादारांनी ती कायमची सुरू केली. यजमानाकडे आणि मित्राकडे दोघांकडेही ती असेल आणि खेळाचा सर्व्हर ती समजत असेल, तर सीजीनॅटचा प्रश्नच उरत नाही. राउटरच्या फायरवॉलमध्ये मात्र त्या संगणकासाठी परवानगी द्यावी लागते. सगळ्यांकडे ती असणं हे अजून नशिबावर आहे, म्हणून शनिवारच्या रात्रीसाठी मी मुलांना दुसरे मार्ग सांगते.

खेळात आमंत्रणाचा कोड किंवा स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानावरून मित्राला बोलावण्याची सोय असेल तर तीच आधी वापरावी. त्यात गरज पडली की मधला एखादा सर्व्हर दोघांची पाकिटं इकडून तिकडे पोचवतो. दोघेही बाहेर हाक मारतात आणि मध्ये भेटतात, त्यामुळे आत येणारी वाट उघडावीच लागत नाही. अशी सोय नसेल तर टेलस्केल किंवा झीरोटियर. यांनी सगळ्या मित्रांचे संगणक एका खाजगी नेटवर्कमध्ये येतात, जणू एकाच घरात आहेत असे, आणि घरगुती वापरापुरतं ते फुकटही मिळतं. टेलस्केलच्या बाबतीत एक गोंधळ होतो तो सांगून ठेवते. टेलस्केल प्रत्येक संगणकाला जो पत्ता देतं तो त्याच १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असतो. तो पाहून आपण सीजीनॅटमागे आहोत असं ठरवू नये, त्यासाठी राउटरच्या पानावरचाच आकडा बघायचा. मित्रांनी मात्र खेळात टेलस्केलचा हाच पत्ता टाइप करायचा. खेळाच्या "लॅन" यादीत सर्व्हर आपोआप दिसेल म्हणून वाट पाहत बसू नये, कारण त्या यादीसाठी लागणाऱ्या घोषणा टेलस्केलमधून पलीकडे जात नाहीत. झीरोटियरमध्ये जातात, म्हणून फक्त लॅन-यादीवर अवलंबून असलेल्या जुन्या खेळांसाठी मी झीरोटियर सुचवते. दोन्हींत फायरवॉलचा जुना प्रश्न परत येतो. हे नवं नेटवर्कही विंडोजला "पब्लिक" वाटू शकतं.

जोडणी होते पण खेळ अडखळतो, ही वेगळी तक्रार. तिथे यजमानाचा अपलोड वेग बघावा. जाहिरातीतला वेग बहुधा डाउनलोडचा असतो, आणि यजमानाला मात्र प्रत्येक मित्राकडे माहिती सतत पाठवायची असते. घरात कुणाच्या तरी फोनमधले फोटो त्याच वेळी ढिगाने वर चढत असतील तर खेळाची लहान पाकिटं त्या रांगेत मागे अडकतात. फोटोंचं काम रात्री उशिरा लावावं, यजमानाचा संगणक वायफायऐवजी केबलने राउटरला जोडावा. फरक लगेच जाणवतो. फार दूरच्या मित्राचा विलंब काही अंशी तसाच राहणार. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे पाच हजार किलोमीटरवरच्या मित्राकडे जाऊन परत यायला किमान ५० मिलिसेकंद लागणारच.

पालकांसाठी सुरक्षिततेबद्दल लिहिणं माझं कर्तव्य आहे. लागतो तेवढाच पोर्ट उघडावा. राउटरमधल्या "डीएमझेड" या पर्यायात संगणक टाकला की सगळं जुळतं असं मुलं ऐकतात, पण त्याने त्या संगणकाचे सगळेच पोर्ट जगासमोर येतात. सर्व्हरवर व्हाइटलिस्ट लावावी, म्हणजे ज्यांची नावं लिहिली आहेत तेच आत येतील. उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर दिवसरात्र चालू असतात, त्यामुळे "आमचा पत्ता कुणाला माहीत आहे?" हे संरक्षण नव्हे. माइनक्राफ्टच्या प्रॉपर्टीज फाइलमधला "ऑनलाइन-मोड" बंद करू नये. तो बंद केला की कुणीही कुणाच्याही नावाने आत शिरू शकतो आणि व्हाइटलिस्टला अर्थ उरत नाही. आणि सर्व्हर अद्ययावत ठेवावा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या घटकात इतकं गंभीर छिद्र सापडलं की माइनक्राफ्टच्या गप्पांमध्ये एक विशिष्ट ओळ लिहून समोरच्या संगणकावर हवा तो प्रोग्रॅम चालवता येत होता. १.१८.१ या आवृत्तीने ते बुजवलं. त्याआधीचा दुरुस्त न केलेला सर्व्हर आजही कुणी उघड्या पोर्टवर चालवत असेल तर त्याने तो आजच बंद करावा. टेलस्केलसारख्या मार्गात बाहेरच्यासाठी पोर्ट उघडावाच लागत नाही, म्हणून लहान मुलं असतील तिथे सार्वजनिक पत्ता असूनही मी तोच सुचवते.

खेळ बनवणाऱ्यांकडूनही माझी अपेक्षा आहे. खेळाला हवं तर तो बाहेरचा पत्ता विचारून घेऊ शकतो, राउटरला त्याचा पत्ता विचारू शकतो, आणि दोन्ही जुळत नसल्याचं ओळखू शकतो. "तुमची जोडणी सामायिक पत्त्यावर आहे, आमंत्रणाचा कोड वापरा" एवढं वाक्य पडद्यावर आलं तर कित्येक मुलांच्या संध्याकाळी वाचतील. त्याऐवजी "कनेक्शन फेल्ड" असं लिहून सोडून देतात, हे मला अजिबात पटत नाही.

संपादक महोदय, आपल्याकडे दर आठवड्याला इंटरनेट सेवेच्या जाहिराती येतात. त्या देणाऱ्या प्रत्येक पुरवठादाराला आपल्या वार्ताहराने तीन प्रश्न विचारावेत अशी माझी विनंती आहे. घरगुती योजनेत ग्राहकाला सार्वजनिक पत्ता मिळतो की सामायिक? मागितल्यास सार्वजनिक पत्ता मिळेल का, आणि कोणत्या अटींवर? सहाव्या आवृत्तीचा पत्ता आज, आत्ता, सुरू आहे का? येणारी उत्तरं, आणि ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांची नावं, त्याच रविवारच्या पुरवणीत छापावीत.

आपली नम्र,
नेटवर्कची देखभाल करणारी एक वाचक